अकरा पाऊण सव्वाआठ

साठी उलटली की माणूस गुडघे तरी बदलतो नाहीतर छंद तरी, असं आमच्यातला बँकवाला म्हणतो. आम्ही सहा जणांनी गुडघे आहेत तेच ठेवले आणि गेल्या पौषात गोवळकोटहून दाभोळपर्यंत वाशिष्ठीच्या खाडीने वल्हवत गेलो. तीन दिवस, तीन होड्या, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आणि सगळ्यांची वयं मिळून चारशे अकरा वर्षं. होड्या नारिंगी प्लास्टिकच्या, भाड्याच्या. त्यांना कायाक म्हणायचं. होडी म्हटलेलं त्या भाड्याने देणाऱ्या मुलाला खपत नाही. आपण नातवंडांचं मराठी सुधारतो ना, तसा तो दर वेळी हळूच आमचं सुधारायचा.

याच पाण्यावरून आम्ही लहानपणी उलट्या दिशेने यायचो. सुट्टी लागली की भाऊच्या धक्क्यावरून बोट, बोटीने दाभोळ, आणि दाभोळहून मचव्याने खाडीतून आत आमचं गाव. गावाचं नाव सांगून उपयोग नाही, एसटीच्या पाटीवरसुद्धा ते फार उशिरा आलं. साठ-पासष्ट सालच्या सुमाराला आमच्याकडे रस्ता म्हणजे पाणीच. हौस म्हणून पाण्यावर जाणारा माणूस आम्ही पाहिलेला नव्हता. पाहिला असता तर आजीने त्याची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली असती.

या वेळी तयारीला दीड महिना लागला. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप झाला, त्या ग्रुपात न येणाऱ्यांनीच जास्त सल्ले दिले. ईसीजी काढले. आमच्यातल्या सातव्याचा बरा आला नाही, तो काठावरून गाडी घेऊन मुक्कामावर भेटत राहिला आणि सगळ्यात खूश तोच होता. पाणी न शिरणाऱ्या पिशव्या, मनगटाचे पट्टे, सनस्क्रीन, रक्तदाबाच्या गोळ्यांचे सोम-मंगळ-बुध लिहिलेले डबे. मुलांनी वेगवेगळ्या शहरांतून आणि देशांतून एकच प्रश्न विचारला, 'लाइफ जॅकेट आहे ना?' आणि उत्तर ऐकून फोन ठेवला.

तेव्हा तयारी म्हणजे एक वळकटी, एक ट्रंक, एक फिरकीचा तांब्या आणि लिंबू. लिंबू प्रत्येकाच्या खिशात, बोट लागू नये म्हणून. वडील पुढे जाऊन डेकवर सतरंजी टाकून जागा धरायचे, आणि त्या सतरंजीच्या चार कोपऱ्यांवरून दर वर्षी कोणाशी तरी भांडण व्हायचं. भांडण झालं की त्याच माणसाशी दाभोळपर्यंत मैत्री व्हायची, कारण जायचं कुठे? डेकवर कोळशाचा आणि डिझेलचा वास, सुक्या मासळीचा वास, आणि रात्री नऊनंतर लिंबांचा काही उपयोग झालेला नाही हे सांगणारा वास. सरळ सांगायचं तर तो प्रवास घाण होता. माझ्या बहिणीला तो अजून 'रम्य' आठवतो. ती तेव्हा दोन वर्षांची होती.

आणि घाण एवढंच नव्हतं. आजी होडीत पाय ठेवला की 'बुडणं' हा शब्द कोणाला उच्चारू देत नसे. सूर्यसुद्धा मावळायचा, बुडायचा नाही. आम्ही पोरं तिची थट्टा करायचो. 1947 च्या 17 जुलैला रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडून सहाशेहून जास्त माणसं गेली होती, त्याच्या आधी 1927 साली 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी गेल्या होत्या, आणि आजीच्या पिढीच्या कोकणात यातलं कोणी ना कोणी ओळखीचं नाही असं घर शोधावं लागलं असतं, हे आम्हाला पुष्कळ पुढे कळलं. लाइफ जॅकेट हा शब्द आमच्या घरी नव्हता. एक शब्द उच्चारायचा नाही, एवढंच आजीचं लाइफ जॅकेट.

तो नियम आम्ही या खेपेला पाळला. बँकवाल्याची मात्र पंचाईत झाली. चाळीस वर्षं नोकरीत त्याने बुडीत कर्जांचंच खातं सांभाळलं, त्यामुळे तीन दिवस त्याला आठवणी सांगता आल्या नाहीत. बाकीच्यांनी आजीचे मनोमन आभार मानले.

दाभोळला बोट धक्क्याला लागत नसे. ती लांब उभी राहायची आणि पडाव तिला येऊन भिडायचे. मग शिडीच्या खालच्या पायरीवर उभं राहायचं, खाली पडाव लाटेबरोबर वर-खाली होतोय, आणि पडावातला खलाशी हात वर करून ओरडतोय, 'आता नाय... आता नाय... आता!' त्या 'आता'ला आईने पोर सोडायचं. त्याने ते झेलायचं. एक क्षण पोर कोणाचंच नसायचं. मी तीन उन्हाळे असा झेलला गेलो आहे. त्या माणसाच्या दंडाला घाम आणि सुंभाचा वास यायचा, आणि तो माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. त्याचं लक्ष पुढच्या ट्रंकेकडे असायचं.

या वेळी गोवळकोटला करंजेश्वरीला नारळ दिला आणि आम्ही जेटीवर कायाकमध्ये बसायला लागलो. बसायला लागलो म्हणजे खरोखर लागलो. सहा जणांना पाऊण तास लागला. आधी बूड टेकायचं, मग एक पाय, मग दुसरा, आणि तेवढ्यात पहिल्याला पेटका. कायाकवाला मुलगा पाण्यात कमरेपर्यंत उभा राहून 'काकू, रिलॅक्स' म्हणत होता. काकू पंचायत समितीत अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेल्या. त्या म्हणाल्या, 'मी रिलॅक्सच आहे, तू तुझी होडी रिलॅक्स कर.' त्याने 'कायाक' अशी दुरुस्ती केली. पण त्याने आम्हाला धरलं, तेही नीट, आणि पुनःपुन्हा विचारून. तेव्हाच्या खलाशाने मला काही विचारलं नव्हतं. सुरक्षित कुठलं, हा प्रश्नच नाही. आठवतो मात्र तो खलाशी.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगायला बसलो, ती भरतीची. मचवा भरतीवर आत जातो आणि ओहोटीवर बाहेर येतो, यात हुशारी अशी काही नाही. पण त्यामुळे निघायची वेळ घड्याळावर नसायची, तिथीवर असायची. आजोबा पंचांग बघायचे, डोळे मिटायचे आणि पाऊणकी म्हणायचे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास निघतो. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. दर दिवशी भरती साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, हे शास्त्र त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण पाढा पाठ होता. शाळेत आम्हालाही पावकी, निमकी, पाऊणकी घोकायला लावली होती, आणि छड्या खाताना ती कशासाठी हे कोणी सांगितलं नव्हतं. माझ्यापुरतं तिचं उत्तर दाभोळच्या धक्क्यावर होतं.

भरती चुकली की बसायचं. बोट उशिरा आली, पाणी उलटलं, आता सहा तास काही नाही. कोणी चिडत नसे, कारण कोणावर चिडायचं? ट्रंकेवर बसून पोहे व्हायचे, पत्ते व्हायचे, बायका धक्क्यावरच्या बायकांशी माहेरचं नातं लावायच्या आणि ते लागायचंच. माझ्या एका आतेबहिणीचं लग्न अशाच एका चुकलेल्या भरतीत ठरलं. (ते फारसं सुखाचं झालं नाही. पण भरती पकडून, घड्याळ लावून ठरवलेली लग्नं तरी कुठे सगळी सुखाची झाली.)

आता भरती मोबाइलवर असते. निळी रेघ वर जाते, खाली येते, शेजारी मिनिटासकट आकडा. आम्ही निघालो तो दिवस पौष शुद्ध एकादशीचा, म्हणजे पुत्रदा एकादशी. चारशे अकरा वर्षांच्या मंडळींनी मुहूर्त बरा काढला. मी डोळे मिटून म्हणालो, 'अकरा पाऊण सव्वाआठ.' कायाकवाल्या मुलाने मोबाइल बघितला. समुद्रावरच्या पूर्ण भरतीत आजोबा आणि उपग्रह यांच्यात वीस मिनिटांचा फरक निघाला. आत गोवळकोटपर्यंत पाणी उलटायला आणखी तास-दीड तास लागतो, तेही आजोबा धरायचे. मुलगा म्हणाला, 'भारी आहे, पण काका, वीस मिनिटं म्हणजे खूप झाली.' खरंच खूप झाली. आम्हाला कायाकमध्ये बसायलाच त्याच्या दुपटीहून जास्त लागली होती, ते मी त्याला सांगितलं नाही.

दहाच्या सुमाराला पाणी खाली ओढायला लागलं. पहिला तास तर वल्हवायची गरजच पडली नाही. दोन्ही काठांना कांदळवन, त्यामागे माड, त्यामागे गोवळकोटचा गोविंदगड हळूहळू पाठीमागे वळत गेला. पुढे मुलाच्या ओळखीचा एक भोई आपली इंजिनाची होडी घेऊन चालला होता, मगरींवर लक्ष ठेवायला. वाशिष्ठीत मगरी पूर्वीही होत्या. आजी त्यांना सुसर म्हणायची आणि पाण्यात हात घातला की हातावर चापट मारायची. आता लोक मगरी बघायला पैसे भरून सफारीला येतात, आणि मगर दिसली नाही तर नाराज होतात. आम्हाला तीन दिसल्या, चिखलावर तोंड उघडून पडलेल्या. काकूंनी हात आत घेतले. चापट मारायला कोणी नव्हतं.

पाणीही तेच राहिलेलं नाही. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या वीजघरांत उतरतं आणि वीज करून झाली की वाशिष्ठीत सुटतं. कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जायचं ते पाणी आता अरबी समुद्राला जातं, आणि उन्हाळ्यातसुद्धा नदीला ओढ असते. म्हणजे आजोबांची पाऊणकी चिपळूणजवळ आता निम्मीच खरी. उरलेली निम्मी वीजघरात किती वाजता बटण दाबतात त्यावर. मुंबईतल्या पंख्यांनी आमची ओहोटी बदलली, असं मी म्हणालो. बँकवाला म्हणाला, तो पंखा तू चाळीस वर्षं मुंबईत लावून झोपलास. तेही खरंच.

आता मचव्यातल्या एका डालड्याच्या डब्याविषयी. लाकडी मचव्याला पाणी सुटतंच. फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ भरलेली असते, तरी थेंब-थेंब येतं आणि मधल्या खोलगट भागात साठतं. ते उपसायला एक डालड्याचा डबा असायचा, पिवळा, त्यावरचं झाड निम्मं खरवडलेलं, काठ आत वळवून ठोकलेला, हात कापू नये म्हणून. मी आठ वर्षांचा झालो त्या वर्षी तांडेलाने तो डबा माझ्या हातात दिला. 'पाणी वर चढू देऊ नको,' एवढंच म्हणाला. रात्र होती, कंदील नाळेवर, काठ दिसत नव्हते. मी डबा बुडवायचो, म्हणजे खाली घालायचो, भरायचो, बाहेर टाकायचो. पाणी कोमट आणि काळं, त्यात कधी एखादी कोळंबी. एकोणीस डबे झाले की खाली फळी दिसायची आणि पुन्हा हळूहळू नाहीशी व्हायची. अख्खी होडी माझ्यावर चालली आहे असं मला वाटत होतं. त्यानंतर मी पुष्कळ हुद्द्यांवर काम केलं, पण इतकी स्पष्ट जबाबदारी कोणी दिली नाही.

कायाकमध्ये पाणी साठत नाही. तळाला भोकं असतात. आत आलेलं पाणी आपलं आपण निघून जातं. हे उत्तम आहे. मी पहिल्या दिवशी चार-पाच वेळा खाली वाकून बघितलं.

दुसऱ्या दिवशी द्वादशीला हाताला फोड आले, आणि तिथे माझं स्मरणरंजन जरा अडखळलं. फोड अंगठ्याच्या बेचक्यात येतात, दोन्ही हातांना, तासाभरात. फुटले की खारं पाणी लागतं. मी रुमाल गुंडाळला आणि एकदम तो हात आठवला. मचव्यातला वल्हं मारणारा माणूस, त्याच्या तळव्याला जुन्या धोतराची चिंधी. मी ती पाहिलेली होती, साठ वर्षं माझ्याजवळ होती, आणि ती चिंधी कशासाठी ते मला आत्ता कळत होतं.

आमची पिढी म्हणते, 'आम्ही होडीने जायचो.' वाक्य बरोबर आहे, फक्त कर्ता चुकला आहे. आम्ही बसायचो. न्यायचे ते भोई, दालदी, खारवी. दोघे पुढे, दोघे मागे, वारा पडला की शीड उतरवून सबंध रात्र वल्हं. वाळूच्या भाटीवर मचवा रुतला की कमरेपर्यंतच्या चिखलात उतरायचे तेच, आणि आम्ही वर बसून 'किती वेळ हो?' विचारायचो. त्यांना काय मिळायचं, मला माहीत नाही. वडील उतरताना काहीतरी मोजून द्यायचे आणि त्यावरही घासाघीस व्हायची. आपल्याला न करावे लागलेले कष्ट फार सुंदर दिसतात. आता त्याच पाण्यात, तेच वल्हवणं, आम्ही दिवसाला माणशी काही हजार रुपये भरून करत होतो, आणि दमलो की तो भोई इंजिनाची दोरी आम्हाला बांधायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने ती दोनदा बांधली. माझं नाव यादीत पहिलं होतं.

मग हा पाण्याचा रस्ता गेल्याचं वाईट कसलं वाटून घ्यायचं, असा प्रश्न मी स्वतःला मालदोलीच्या बाजूच्या मुक्कामात विचारला. पूल झाले, गावाला डांबर आलं, बाळंतीण आता भरतीची वाट बघत काठावर पडून राहत नाही. माझी एक काकू अशीच ओहोटीत अडकली होती. ती वाचली, मूल वाचलं नाही. आजी तो दिवस तिथीने सांगायची, तारखेने नाही: सप्तमी, सव्वापाचला भरती, तोवर उशीर झाला. पाऊणकीचं एवढं कौतुक करताना ही सप्तमीही त्याच पाढ्यातली, हे विसरून चालत नाही. रस्ता नको होता असं म्हणणारा माणूस गावात राहिलेला नसतो, एवढं नक्की. मीही राहिलेलो नाही.

तरी वाईट वाटतंच. रस्ता आल्यावर गावाने खाडीकडे पाठ केली. पूर्वी घरांची तोंडं पाण्याकडे होती, पायऱ्या पाण्यात उतरायच्या. आता तोंडं डांबराकडे, आणि पाण्याच्या बाजूला मोरी, मोडकी खुर्ची, प्लास्टिक. आमच्या घाटाच्या सात पायऱ्यांपैकी तीन दिसतात, त्यांवर शेवाळ. पाठ केलेल्या पाण्याचं जे होतं ते झालं आहे. कारखान्यांचं पाणी येतं, रात्री सक्शन पंप वाळू उपसतात, आणि आमचा इंजिनवाला भोई म्हणाला की त्याच्या बापाला ज्या जाळ्यात दोन टोपल्या मासळी मिळायची तिथे त्याला दोन माणसांचं कालवण मिळतं. म्हणून तो आता मासे सोडून म्हातारी माणसं ओढतो. हे शेवटचं त्याने हसून म्हटलं, आम्हीही हसलो, आणि मग थोडा वेळ कोणी बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी खाडी एकदम रुंद झाली. पूर्वी इथे आलं की मोठी माणसं टाळकेश्वरच्या दीपगृहाचा दिवा शोधायची, दिसला की हात जोडायची. आता लांबूनच वीज प्रकल्पाचं धुराडं दिसतं, तोच ज्याच्यावरून नव्वदच्या दशकात अर्ध्या महाराष्ट्राने भांडण केलं. दिव्याऐवजी आम्ही त्याच्याच अंदाजाने होड्या वळवल्या. मध्ये फेरीबोट आडवी गेली. 2003 पासून ती दाभोळ आणि धोपावेमध्ये गाड्यांसकट माणसं नेते. त्या वेळी तिच्यावर दोन एसयूव्ही, एक दूधवाला आणि शाळेची पोरं होती. पोरांनी आम्हाला बघून हात हलवले. एकाने ओरडून विचारलं, 'आजोबा, किधर?' त्याला आमचं मराठी दिसलं नसावं, नारिंगी रंग दिसला असावा.

दाभोळच्या धक्क्याला लागलो. बाहेर निघायला पुन्हा पाऊण तास. मुलाने मला काखेत हात घालून उचललं आणि मी क्षणभर अधांतरी होतो. त्याचं लक्ष माझ्याकडे होतं, पुढच्या सामानाकडे नव्हतं. अंगाला सनस्क्रीनचा वास येत होता, बहुतेक माझाच.

मी खिशात लिंबू ठेवलं होतं. तीन दिवस होतं, उगीच, आठवण म्हणून. त्याची गरज पडली नाही. खाडी तळ्यासारखी शांत होती. कायाक टेम्पोत पालथ्या घातल्या, आम्ही गाडीत बसलो, फेरीबोटीने पलीकडे उतरून चिपळूणच्या रस्त्याला लागलो. जो प्रवास आम्ही तीन दिवसांत केला तो दोन तासांत उलटा होणार होता. शृंगारतळी मागे टाकली, वळणं सुरू झाली, आणि मला गाडी लागली.